अक्षर टाइप केले की प्रोग्राम थांबतच नाही

प्रश्न : मी सी भाषा शिकत आहे. वय विचारणारा आणि ते १ ते १२० या मर्यादेत नसल्यास पुन्हा विचारणारा एक छोटा प्रोग्राम मी व्हाईल लूप वापरून लिहिला आहे. १५० टाकल्यास तो नीट चालतो. परंतु ‘एबीसी’ टाइप केल्यास ‘वय पुन्हा टाका’ ही ओळ पडद्यावर अखंड उमटत राहते. असे का होते?

उत्तर : तुमची मर्यादेची अट बरोबर आहे; घोटाळा तिच्या आधीच, स्कॅनएफपाशी होतो. पूर्णांक वाचायला सांगितलेले हे फंक्शन अंकाऐवजी अक्षर दिसताच थांबते, व्हेरिएबलमधील जुनी किंमत तशीच राहू देते आणि ते अक्षरही इनपुटमध्ये जागच्या जागी सोडते. लूप फिरून आला की त्याच्यापुढे पुन्हा तोच ‘ए’ असतो, त्यामुळे तुमच्या टायपिंगची वाट न पाहताच ते पुन्हा अपयशी ठरते.

स्कॅनएफ हे अपयश कळवतही असते, पण त्याने परत केलेली किंमत नवशिके सहसा तपासतच नाहीत. एक पूर्णांक वाचला गेला तर १ मिळतो, अक्षर आडवे आले तर ० आणि इनपुटच संपले असेल तर ईओएफ ही इनपुट संपल्याची खूण. ० मिळाल्यास एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचार या फंक्शनने ओळीच्या शेवटापर्यंतची अक्षरे वाचून टाकून द्यावीत. ईओएफ मिळाल्यास लूपमधून बाहेर पडावे, कारण तेव्हा पुन्हा विचारण्यात अर्थ नसतो. यासाठी इनपुटवर एफफ्लश हे साठलेला मजकूर रिकामा करण्यासाठीचे फंक्शन चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु सी भाषेच्या प्रमाण नियमांत तसे केल्यास काय घडेल हे ठरवून दिलेलेच नाही, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

एवढे करूनही ‘१२एबीसी’ हे इनपुट निसटतेच : स्कॅनएफ त्यातला १२ उचलून यश कळवते आणि उरलेली अक्षरे पुढच्या वाचनाला आडवी येतात. म्हणून माझ्या मते एफगेट्सने संपूर्ण ओळ आधी मजकूर म्हणून वाचावी आणि मग स्ट्रटोलने तिची संख्या करावी, हेच बरे. संख्या कुठे संपली हे स्ट्रटोल एका पॉइंटरद्वारे (मेमरीतील जागेचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलद्वारे) दाखवते. तो ओळीच्या सुरुवातीलाच असेल तर संख्या मिळालेलीच नाही, आणि त्याच्यापुढे ओळ संपवणाऱ्या चिन्हाखेरीज काही उरले असेल तर ते इनपुट नाकारावे. मर्यादेची तपासणी यानंतरच करावी, आणि या दोन चुकांसाठी ‘फक्त अंक टाका’ व ‘वय १ ते १२० यांदरम्यान हवे’ असे वेगवेगळे संदेश द्यावेत.