वाचकांचे प्रश्न : बॉयलरमधे सारखं पाणी भरावं लागतंय, चालेल का?

प्रश्न : आमच्याकडे गॅसचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे नळाला गरम पाणी त्यातूनच येतं आणि सगळ्या खोल्यांतले रेडिएटर (गरम पाणी फिरवून खोली तापवणारे भिंतीवरचे पत्रे) पण त्याच्यावरच चालतात. गेले दोन महिने दर आठ-दहा दिवसांनी प्रेशर उतरतं आणि बॉयलर बंद पडतो, मग आमचे मिस्टर खालचा पाणी भरायचा कॉक उघडतात, काटा वर आला की परत सुरू होतो. कुठेही टपकताना दिसत नाही. असंच भरत राहिलं तर चालेल ना? आणि अजून एक, हीटिंग जोरात चालू असलं की काटा पार ३ च्या जवळ जातो, ते नॉर्मल आहे का?

उत्तर : ताई, तुम्ही जे शेवटी सहज म्हणून विचारलंय ना, त्यातच सगळं आलं. काटा ३ पर्यंत जाणं नॉर्मल नाही, आणि तुमचं पाणी बहुतेक तिथूनच जातंय.

रेडिएटरमधलं पाणी हे नळाच्या पाण्यासारखं येत-जात नसतं, तेच पाणी वर्षानुवर्षं बंद पाइपांमधून फिरत असतं. सगळं गार असताना काटा साधारण १ ते १.५ बारवर (बार हे प्रेशर मोजायचं माप) असावा, आणि गरम झाल्यावर थोडासा वर चढावा, बस. आता पाणी तापलं की फुगतं, १० डिग्रीचं पाणी ८० डिग्रीला नेलं तर जवळजवळ ३ टक्के वाढतं, म्हणजे १०० लिटरमागे सुमारे ३ लिटर. एवढं जास्तीचं पाणी बंद पाइपात मावणार कुठे? त्यासाठी एक एक्सपान्शन टाकी असते, कॉम्बीमधे बहुतेक वेळा बॉयलरच्या आतच मागच्या बाजूला. तिच्यात मधे रबराचा पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की हवा दबते आणि त्याला जागा करून देते. वर्षं गेली की सायकलच्या ट्यूबमधली जाते तशी ही हवा हळूहळू निघून जाते, किंवा पडदाच फाटतो. मग फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, प्रेशर सरळ ३ बारला जातं, आणि ३ ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं पाणी भिंतीबाहेर काढलेल्या छोट्या पाइपातून सोडून देतो. रात्री सगळं गार झालं की तेवढं पाणी कमी पडतं आणि काटा खाली. घरात टिपूस दिसत नाही कारण पाणी घराबाहेर पडतंय.

खात्री करायला त्या बाहेरच्या पाइपाच्या तोंडाखाली एक भांडं ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. हीटिंग चालू असताना तिथे हात अजिबात नेऊ नका, येणारं पाणी भाजेल इतकं गरम असतं. पाणी साठलेलं दिसलं तर मेकॅनिकला स्पष्ट सांगा की एक्सपान्शन टाकीची हवा तपासा. पाण्याच्या बाजूचं प्रेशर आधी शून्य करूनच ती मोजायची असते, नाहीतर रीडिंग खोटं येतं. किती भरायची ते बॉयलरच्या पुस्तकात असतं, साधारण ०.७५ ते १ बारच्या आसपास. हवा भरूनही टिकली नाही किंवा हवेच्या वॉल्व्हमधून पाणीच आलं तर पडदा गेला, टाकी बदलायची. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पण त्याच वेळी बघायला सांगा, एकदा उघडला की त्याच्या बुडाशी कचरा अडकतो आणि मग तो नीट बसत नाही, थेंब थेंब गळत राहतो. एक मात्र लक्षात ठेवा, हीटिंग बंद असताना गार बॉयलरचाच काटा आपोआप वर चढत असेल तर टाकीपेक्षा पाणी भरायच्या कॉकवर संशय घ्या, तो पूर्ण बंद झालेला नसतो.

भांडं कोरडंच राहिलं तर? मग रात्री बॉयलर बंद करून, गार झाल्यावर, त्याच्या खालचे हीटिंगच्या पाइपांवरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा आणि काटा लिहून ठेवा. सकाळी काटा उतरलेला असेल तर गळती बॉयलरच्या आत आहे, तसाच असेल तर पाइपांमधे किंवा रेडिएटरच्या जोडांवर. सकाळी बॉयलर चालू करायच्या आधी दोन्ही व्हॉल्व्ह आठवणीने उघडा.

आणि भरत राहिलं तर चालेल का, तर नाही, कृपया नका भरत राहू. हे मी कळकळीने सांगतेय कारण बरीच माणसं हेच करतात आणि दोन-तीन वर्षांनी पूर्ण सिस्टिम खराब होते. आतलं जुनं पाणी मेलेलं असतं, त्यातला ऑक्सिजन संपलेला असतो म्हणून ते लोखंडाला फारसं खात नाही. तुम्ही ताजं पाणी भरलं की ताजा ऑक्सिजन आत गेला, रेडिएटर आतून गंजायला लागले, त्याचा काळा गाळ होतो आणि तो पंपात आणि हीट एक्सचेंजरमधे, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, जाऊन बसतो. गंज रोखायला जे इनहिबिटरचं औषध पाण्यात घातलेलं असतं ते पण दर वेळी पातळ होत जातं. पाणी क्षाराचं असेल तर दर भरण्याला थोडा क्षार आत, मग बॉयलर किटलीसारखा खदखदायला लागतो. वर्षातून एकदा-दोनदा भरावं लागलं तर ठीक आहे, दर आठवड्याला म्हणजे बिघाड आहे.

प्रश्न : बॉयलर जिथे आहे त्या खोलीच्या भिंतीत एक जाळी आहे, तिच्यातून फार गार वारा येतो म्हणून आम्ही कापड कोंबून बंद केली. तेव्हापासून आईला सकाळी डोकं दुखतं, मळमळतं, बाहेर फिरून आली की बरं वाटतं. काल मलाही तसंच झालं. ज्योत पण हल्ली पिवळट दिसते. याचा काही संबंध असेल का?

उत्तर : हा प्रश्न मिळाल्या मिळाल्या आम्ही थेट कळवलं, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून इथे छापतोय. संबंध आहे असंच धरून चाला. बॉयलर आत्ता बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या आणि आजच डॉक्टरांकडे जाऊन कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे हे स्वतःहून सांगा, कारण लक्षणं सर्दी-फ्लूसारखी वाटतात आणि रक्त तपासायला उशीर केला तर काही सापडत नाही. घरात कोणी बेशुद्ध किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर अँब्युलन्सच बोलवा.

जो बॉयलर जळायला खोलीतली हवा घेतो त्याचा श्वास म्हणजे ती जाळी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. निळी, टोकदार ज्योत पिवळी, मऊ पडणं, आजूबाजूला काजळी दिसणं, घरातल्या सगळ्यांना एकदम डोकेदुखी आणि घराबाहेर गेल्यावर आराम, या खुणा पाठ करून ठेवा. परवानाधारक गॅस टेक्निशियनने तपासल्याशिवाय बॉयलर परत लावू नका, जाळी मोकळी केली तरी नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, धुराचा अलार्म असला तरी, कारण त्याला हा गॅस कळत नाही. अलार्म किती वर्षांनी बदलायचा ते त्याच्यावर छापलेलं असतं.

प्रश्न : हॉलमधला रेडिएटर वरून गार आणि खालून गरम, बेडरूममधला बरोब्बर उलटा. असं कसं?

उत्तर : दोन्हींची दुखणी वेगळी आहेत. वरून गार म्हणजे आत हवा साठलीये. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्या, खाली फडकं धरा आणि वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू चावीने अर्धा आटा उलटा फिरवा, हवा सूं करून जाईल, पाणी यायला लागलं की बंद. मग बॉयलरचा काटा बघा, थोडा उतरलेला असेल तेवढं भरून घ्या. पण त्याच रेडिएटरची हवा दर पंधरा दिवसांनी काढावी लागत असेल तर सावध व्हा, आत गंज चालू असेल तर हायड्रोजन तयार होतो आणि तोच हवेसारखा वर साठतो. म्हणून हवा काढताना जवळ काडी-लायटर नको.

खालून गार म्हणजे वर सांगितलेला तोच काळा गाळ तळाशी बसलाय. त्याला चावी काही करू शकत नाही, रेडिएटर काढून धुवायचा किंवा सगळी सिस्टिम फ्लश करून घ्यायची, आणि नंतर इनहिबिटर आणि शक्य असेल तर रिटर्नच्या, म्हणजे बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपावर मॅग्नेटचा फिल्टर.

प्रश्न : कंडेन्सिंग बॉयलर घेतला पण गॅस काही कमी लागत नाही. ८० वर लावलाय.

उत्तर : ८० वरच ठेवल्यामुळे. धुरातल्या वाफेचं आतच पाणी होऊन तिची उष्णता परत मिळते म्हणून हा बॉयलर कमी गॅस खातो, आणि त्यासाठी रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ डिग्रीच्या खाली हवं. हीटिंगचं तापमान ६० च्या आसपास आणून बघा, खोली तापायला थोडा वेळ जास्त लागेल. फार कडाक्याच्या थंडीत पुरलं नाही तर तेवढे दिवस वाढवा. गरम पाण्याची वेगळी साठवण टाकी असेल तर तिचं पाणी मात्र ६० डिग्रीपर्यंत तापू द्या, कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेलाचे जंतू वाढतात.