बडोद्याजवळच्या अकोट्यात इरॉसची (ग्रीक-रोमन प्रेमदेवाची) आकृती असलेली ब्राँझची मूठ मिळाली, म्हणजे तिथे रोमन लोक राहत होते का?

नाही, तेवढ्यावरून वस्ती ठरत नाही; रोमन माल विश्वामित्रीच्या काठापर्यंत पोचत होता, इतकंच ठरतं. (बडोद्यातच पुरातत्त्व शिकलोय, म्हणून लिहितो.) तुम्ही म्हणता ती मूठ ही एकच सुटी वस्तू आहे, चार हात फिरूनही आली असेल. भडोच बंदर जवळच होतं, आणि पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या समुद्री व्यापाराच्या ग्रीक मार्गदर्शिकेत तिथे उतरणाऱ्या मालात पहिलं नाव दारूचं आहे, त्यातही इटलीच्या दारूला पसंती. ती यायची अँफोरात, म्हणजे दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रांजणात. नेपल्सकडच्या अँफोराची खापरी मोडून पाहिली की मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण चमकतात. गाव सांगणारा शिक्काच तो!

वस्ती शोधायची तर चुलीवरची भांडी बघा. दारू कोणीही विकत घेतं, पण स्वयंपाकाची मडकी माणूस स्वतःच्या सवयीची नेतो. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात भारतीय बनावटीची साधी मडकी मिळाली आहेत, शिवाय एका भारतीय रांजणात सुमारे ७.५ किलो काळी मिरी. तिथे आपली माणसं मुक्कामाला होती, असं म्हणायला जास्त आधार आहे.

फक्त जुन्या अहवालांतला ‘रोमन अँफोरा’ हा शब्द जपून घ्या. त्यातली बरीच खापरं मेसोपोटेमियाकडच्या बिनकानी ‘टॉर्पेडो’ रांजणांची निघाली. आतून काळा थर दोन्हीकडे असू शकतो (अँफोरात पाइनच्या राळेचा, टॉर्पेडोत डांबराचा), त्यामुळे गफलत व्हायची.