तिन्ही पांढऱ्या, पण एक नव्हेत

प्रश्न : जांबोटीच्या बाजूला आमची काजूची बाग आहे, खाली ओढ्याकाठी थोडा ऊस. यंदा वीसेक वर्षांचा एक काजू पिवळा पडून वाळला. तोडला तर बुंध्यात आणि मुळात बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या! उसाच्या मुळाशीही पांढऱ्याच, शेणखताच्या ढिगातही पांढऱ्याच. दुकानदार म्हणाला, सगळी हुमणीच, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी अळी, आणि तिन्हीकडे टाकायला एकच पावडर दिली. तिन्ही ठिकाणची एकेक अळी बाटल्यांतून पाठवतोय. पावडर टाकू का?
— एक वाचक, तालुका खानापूर, जि. बेळगाव

उत्तर : बाटल्या पोचल्या. काजूतली अळी वाटेतच मेली आणि काळी पडून लिबलिबीत झाली होती. पुन्हा पाठवाल तेव्हा अळी मिनिटभर उकळत्या पाण्यात टाका आणि मग स्पिरिटात घाला, म्हणजे काळी पडत नाही. तरी ओळखण्यापुरती शिल्लक होती. पावडरीची पिशवी मात्र अजून फोडू नका.

रंगावर जाऊ नका. माती-लाकडाच्या अंधारात वाढणाऱ्या बहुतेक अळ्या पांढऱ्याच असतात. पाय बघा. उसातली अळी मी वर्तमानपत्रावर ठेवली, तर ती कुशीवर पडून कोयत्यासारखी वाकडी झाली. डोकं तपकिरी, छातीशी पायांच्या तीन जोड्या चांगल्या दिसतात. ही खरी हुमणी, तुमच्याकडचे कन्नड शेतकरी जिला गोण्णे हुळ म्हणतात ती.

काजूतली अळी सरळ, लांबट, वळ्या पडलेली. पाय नसल्यातच जमा, कारण तिला चालायचं नसतं, साल आणि लाकूड पोखरत पुढे सरकायचं असतं. हा खोड-मूळ पोखरणारा भुंगेरा. कोकणात याला रोठा म्हणतात. बुडाशी बारीक भोकं, त्यातून भुसा आणि डिंक येतो, मग पानं पिवळी पडतात. भुसा दिसला तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. पण बुडाशी पालापाचोळा साचलेला असला की तो दिसतो कुणाला!

मातीत टाकलेली पावडर लाकडाच्या आत पोचत नाही. हे मी स्वतः शिकलोय. आमच्या परड्यातल्या आंब्याला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागला होता आणि मी हुमणी समजून बुडात पावडर पेरत बसलो. पुढच्या उन्हाळ्यात झाड गेलं. रोठ्यासाठी पटाशीने सुटलेली साल काढा, बोगद्याच्या मागावर जा, अळी हाताने काढून मारा. शेजारच्या प्रत्येक काजूचं बूड आणि उघडी पडलेली मुळं झाडून, वाकून तपासा.

शेणखतातल्या अळीने मात्र मजा आणली. कागदावर ठेवताच पालथीची उताणी झाली आणि पाय वर करून पाठीवरच सरसर निघाली. उताणं चालणारी अळी दिसली की समजायचं, ही फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्याची. कुजकं खाते, ढिगात राहू द्या. पण त्याच ढिगात अंगठ्याएवढी जाड, कुशीवर वाकडी पडणारी अळी दिसली तर ती गेंड्या भुंग्याची असू शकते. घराजवळ नारळ असतील तर ती वेचा. भुंगा माडाचा कोवळा शेंडा पोखरतो.

राहिली हुमणी. गणपती झाले की ती मोठी झालेली असते, औषधाला फारशी दाद देत नाही. ऊस गेल्यावर खोल नांगरट करा, वर आलेल्या अळ्या बगळे आणि मैना टिपतात. पुढच्या वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन बांधावरच्या कडुनिंब-बाभळीखाली जा. भुंगेरे पाला खायला तिथे जमतात. फांद्या हलवून खाली पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. हे शिवारातल्या सगळ्यांनी मिळून करायला हवं, कारण शेजारच्या रानातले भुंगेरे तुमचा बांध ओळखत नाहीत.

आणि तो तोडलेला काजू सरपण म्हणून बागेतच रचून ठेवला असेल, तर आजच हलवा. एखादा ओंडका फोडून बघा. आत अंड्यासारखा, चुन्याचा पांढरा कोश सापडला तर समजा, अळीचा भुंगेरा व्हायला बसलाय.