निम्न कक्षा : कशाच्या मानाने निम्न?

नागपूरच्या एका शिक्षिका विचारतात : ‘उपग्रह पृथ्वीच्या निम्न कक्षेत सोडला, असं बातम्यांत येतं. मुलं विचारतात, निम्न म्हणजे कमी दर्जाची का? आणि किती उंचीपर्यंत निम्न म्हणायचं?’

मुलांची शंका रास्त आहे. ‘निम्न स्तर’, ‘निम्न वर्ग’ हेच कानावर पडत असतं. पण आपल्या विदर्भात या शब्दाचा मूळ अर्थ अजून नांदतो आहे. मोर्शीजवळचं धरण ऊर्ध्व वर्धा, त्याच नदीवर पुढे धनोडीला निम्न वर्धा. वरच्याच्या मानाने खालचं, एवढंच. त्यात कोणी दर्जा काढत नाही.

कक्षेचंही तसंच. घरावरची डिश ज्या भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाकडे तोंड करून असते, तो 35,786 किलोमीटरवर. त्याच्या मानाने 2,000 किलोमीटरपर्यंतचं सगळं निम्न. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. तो नागपूरजवळच्या शिवमडक्याहून, जिथे तो सुरू होतो तिथून, सरळ आभाळात उभा केला, तर सुमारे 400 किलोमीटरवरचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक वाटेतच लागेल. आणि रस्ता संपला तरी आपण निम्न कक्षेतच, तिच्या निम्म्याच्याही खाली!

खालची हद्द हवा ठरवते. साधारण 160 किलोमीटरच्या खाली विरळ हवासुद्धा उपग्रहाला फार दिवस टिकू देत नाही. 2022च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलं मोठं कडं पडलं, ते आठवत असेल. वरून खाली ओढल्या गेलेल्या अग्निबाणाचेच ते अवशेष मानले गेले.

मला खरं खटकतं ते ‘पृथ्वीच्या’. पृथ्वीची कक्षा सूर्याभोवतीची, उपग्रहाची पृथ्वीभोवतीची. ‘निम्न भू-कक्षा’ या जोडशब्दात हा फरक बुजतो. ‘पृथ्वीच्या खालच्या कक्षेत’ लिहिलं तर आणखी घोटाळा : उपग्रह पृथ्वीच्या खाली गेला की काय, असं मूल विचारणारच. म्हणून ‘पृथ्वीभोवतीच्या निम्न कक्षेत’ असं लिहावं. एकाच उपग्रहाबद्दल बोलताना ‘निम्न कक्षा’ ठीक, सगळ्यांबद्दल बोलायचं तर ‘निम्न कक्षांचा पट्टा’, कारण तिथे हजारो उपग्रह आपापल्या वेगळ्या वाटांनी फिरतात. वर्गात मात्र बाई, खुशाल ‘जवळची कक्षा’ म्हणा. पाचवीच्या मुलालाही ते लगेच कळेल.