आठ लाख आहेत, पण किती दिवसांचे आहेत?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की वयाची ५० पूर्ण झालेल्या माणसाला थायलंडमध्ये रिटायरमेंटवर एकेक वर्ष मुदत वाढवत राहता येतं, आणि तेव्हापासून पत्रं आणि मेल थांबायचं नाव नाहीये. हवा कशी, भाषा जमते का, असले प्रश्न थोडेच, बाकी सगळे पैशांवर, म्हणजे बँकेत दाखवायच्या ८ लाख बाटवर (बाट हे थाई चलन) अडलेत. मी चियांग माईला राहते आणि दरवर्षी पासबुक घेऊन इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत उभी असते, त्यामुळे जे स्वतः केलंय आणि डोळ्यांनी पाहिलंय त्यावरून उत्तरं देतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी ५६ वर्षांचा, नोकरीतून व्हीआरएस घेतली. ८ लाख बाट लागतात म्हणे, तेवढे आहेत माझ्याकडे. ९० दिवसांचा नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा घेऊन जायचं आणि तिथे वर्षाचं एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढ करायची असा प्लॅन आहे. पैसे सावकाश मागवले तर चालेल ना?

उत्तर : नाही हो दादा, सावकाश हा शब्दच काढून टाका. सगळे ८ लाख ८ लाख करत बसतात, पण ते किती दिवसांपासून खात्यात पडून आहेत हे कोणी विचारत नाही आणि ऑफिसर नेमकं तेच बघतो. एक्स्टेन्शनचा अर्ज टाकायच्या दिवशी ८ लाख बाट थायलंडमधल्या बँकेत, तुमच्या एकट्याच्या नावावर, किमान २ महिने असायला लागतात. आता हिशोब करा, ९० दिवसांतून २ महिने गेले की हातात उरतो जेमतेम १ महिना, आणि त्यात घर शोधायचं, घरमालकाकडून टीएम ३० म्हणजे तुम्ही इथे राहताय ही नोंद करून घ्यायची, मग बँकेत जायचं, तिथली बाई गोड हसून सांगणार की पत्त्याचा दाखला आणा, तो आणायला इमिग्रेशनला जायचं, परत यायचं, कधीकधी एक शाखा नाही म्हणते आणि दोन गल्ल्या सोडून त्याच बँकेची दुसरी शाखा अर्ध्या तासात खातं उघडून देते, आणि हे सगळं झाल्यावर मग पैसे पाठवायचे, त्याला परत काही दिवस.

माझं पहिल्या वर्षी काय झालं सांगते. १५ नोव्हेंबरला उतरले, म्हणजे मुदत १२ फेब्रुवारीपर्यंत. खात्यात पैसे आले ११ डिसेंबरला. मी १० फेब्रुवारीला गेले, म्हटलं एका दिवसाने काय होतंय, बाकी फाईल तर चोख आहे. ऑफिसरने पासबुक उलटलं, ११ तारखेच्या एंट्रीवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि फाईल परत दिली. ना रागावला ना काही. दुसऱ्या दिवशी परत गेले तेव्हा झालं, पण ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. मध्ये एखादी सरकारी सुट्टी आली असती तर बसले असते बोंबलत. म्हणून सांगतेय, उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बँकेच्या मागे लागा आणि पैसे तिसऱ्या आठवड्यात खात्यात दिसतील असं बघा.

आणि ते बाहेरच्या देशातून थेट बँकेत आलेले असू देत, खिशातून नोटा आणून भरायच्या भानगडीत पडू नका, उद्या पैसे कुठून आले विचारलं तर कागद दाखवता आला पाहिजे.

एक्स्टेन्शन मिळालं म्हणजे सुटलो असंही नाही. त्यानंतर ३ महिने ८ लाखांना हात लावायचा नाही, पुढे खर्च करता येतो पण ४ लाखांच्या खाली जायचं नाही, आणि पुढच्या अर्जाच्या २ महिने आधी परत ८ लाख पूर्ण. हा नियम मार्च २०१९ पासून आहे, त्याआधी लोक शिक्का मिळाला की दुसऱ्या दिवशी पैसे काढून मोकळे व्हायचे. म्हणजे ४ लाख कायमचे अडकले आणि उरलेले ४ वर्षातून जेमतेम ७ महिने तुमचे. जगायचा खर्च यातून करीन असं मनात असेल तर ते काढून टाका, त्याची सोय वेगळी हवी. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ऑगस्ट २०२१ पासून थायलंडमध्ये एका बँकेत एका माणसाच्या १० लाख बाटपर्यंतच्या ठेवीला सरकारी संरक्षण आहे, त्यामुळे हे ८ लाख बँकेत आहेत म्हणून झोप उडवून घेऊ नका.

प्रश्न : बँकेचं पत्र आणि पासबुक नक्की कधीचं लागतं? मी आठवडाभर आधी सगळं तयार ठेवणारा माणूस आहे.

उत्तर : इथे तुमची ही चांगली सवय नडणार. खात्यात किती पैसे आहेत ते सांगणारं हे पत्र बरीच ऑफिसं अर्जाच्या दिवसाचं किंवा फार तर आदल्या दिवसाचं मागतात, आणि पासबुकातही त्याच दिवसाची एंट्री बघायला मागतात. नुसतं मशीनमध्ये घालून काही छापून येत नाही कारण व्यवहारच झालेला नसतो, म्हणून सगळेजण सकाळी बँकेत जाऊन १०० बाट भरतात, पासबुक अपडेट करतात, पत्र घेतात आणि तसेच इमिग्रेशनला पळतात. भरतात बरं का, काढत नाहीत! माझ्यासमोर एका गृहस्थांनी एटीएममधून १०० काढले आणि खात्यात बरोब्बर ८,००,००० होते. राहिले ७,९९,९००. रांगेत उभ्या उभ्या त्यांच्याच लक्षात आलं आणि ते जे बँकेकडे धावले… तेव्हा वर ५-१० हजार जास्तीचे ठेवाच. अर्जाची फी १,९०० बाट, ती रोख सोबत.

प्रश्न : मॅडम, माझी पेन्शन हिशोबाने महिन्याला साधारण ६६ हजार बाट होते. दरमहा ६५,००० उत्पन्नाचा पर्याय आहे असं वाचलं. मग माझं इकडचं पेन्शनचं पासबुक दाखवलं तर ८ लाख अडकवायची गरज नाही ना?

उत्तर : पर्याय आहे, आणि गंमत म्हणजे वर्षाचा हिशोब केला तर ७,८०,०००च होतात, म्हणजे कागदावर तो स्वस्त आहे. पण तुमचं भारतातलं पासबुक थाई इमिग्रेशनच्या टेबलावर चालत नाही. पूर्वी बऱ्याच देशांचे लोक आपल्या वकिलातीकडून उत्पन्नाचं पत्र आणायचे आणि काम व्हायचं, २०१९ च्या सुरुवातीपासून अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने ही पत्रं देणं बंद केलं, कारण थाई इमिग्रेशनला उत्पन्नाची खातरजमा झालेली हवी होती आणि ती करायची जबाबदारी यांना नको होती. तेव्हापासून मुख्य पुरावा म्हणजे थाई बँकेत दर महिन्याला परदेशातून आलेले ६५ हजार, असे सलग १२ महिने. एक महिना चुकला तर पुढच्या महिन्यात दुप्पट पाठवून भरपाई होईल असं समजू नका.

तुमच्या ६६ हजारांत मला दोन खड्डे दिसतात. एक म्हणजे विनिमय दर आणि मधल्या बँकांची कापाकापी, ६६ पाठवले आणि ६४,७०० पोचले तर तो महिना गेला. निदान ६९-७० पोचतील एवढी ताकद असेल तरच या वाटेला जा. दुसरा खड्डा जरा लपलेला आहे, काही ऑनलाईन सेवा तुमचे पैसे थायलंडमधल्याच एखाद्या खात्यातून तुमच्या खात्यात टाकतात, मग पासबुकात ती एंट्री देशातल्या देशात आल्यासारखी छापली जाते आणि परदेशातून आल्याचा कोड दिसत नाही. पहिल्याच महिन्यात पासबुक छापून बँकेत विचारा की हा कोड परदेशी रकमेचाच आहे ना, बाराव्या महिन्यात कळून उपयोग नाही.

शिवाय पहिल्या वर्षी १२ महिन्यांचा पुरावा आणणार कुठून, हा प्रश्न राहतोच. म्हणून मी तरी पहिलं वर्ष ८ लाखांवर काढा आणि त्याच वर्षात दरमहाच्या पैशांची ओळ लावून घ्या असंच सांगेन.

प्रश्न : पेन्शन ४० हजार बाट, बाकीचं बँकेत. जमेल?

उत्तर : जमतं. वर्षाचे ४,८०,००० आणि बँकेत ३,२०,०००, बेरीज ८ लाख. पण यात पेन्शनचाही पुरावा लागणार आणि ठेवीचाही, म्हणजे दोन्हीकडची कटकट एकाच फाईलमध्ये. आणि बँकेत ३,२०,०००वर थांबू नका, ४ लाखांच्या खाली कधीच जाऊ नका म्हणजे वाद नको.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, मी ६१, हिचं वय ५४. आयुष्यभर सगळी खाती जॉइंट ठेवली. तिथेही ८ लाख जॉइंट खात्यात ठेवले तर दोघांचं काम होईल का, की १६ लाख लागतील?

उत्तर : काका, जॉइंट खात्याचा मोह इथे सोडायचा. ज्याच्या नावाने रिटायरमेंटचा अर्ज आहे त्याच्या एकट्याच्या नावाचं खातं. १६ लाख मात्र लागत नाहीत, काकू तुमच्यावर अवलंबून म्हणून राहू शकतात, त्यांना वेगळे पैसे दाखवायला लागत नाहीत, लग्नाचा दाखला मात्र रीतसर प्रमाणित करून घ्या आणि ते काम निघायच्या आधी उरका, तिकडून करत बसलात तर कुरिअरवर कुरिअर.

बहुतेक जोडपी इथे थांबतात पण मी थांबणार नाही, राग मानू नका. उद्या तुम्हाला काही झालं तर काकूंची मुदत तुमच्या मुदतीवर उभी आहे, तो आधारच जातो. आणि पैसे? ते तुमच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे बँकेला मृत्यूची खबर लागली की खातं बंद, मग वारसाहक्काचं कोर्टातून सुटेपर्यंत काकू परक्या देशात हातात पैसा नाही आणि व्हिसाही नाही अशा अवस्थेत. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी हे सगळं भोगलंय, नवऱ्याचे दिवस करायचे सोडून त्या बँकेच्या चकरा मारत होत्या. म्हणून तिथल्या मालमत्तेपुरतं थाई कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करून ठेवा, काकूंच्या नावाने एक वेगळं खातं पहिल्या महिन्यातच उघडा, आणि त्यांचंही वय ५० च्या पुढे आहेच तर झेपेल तेव्हा त्यांचे स्वतःचे ८ लाख करून त्यांना स्वतःच्या पायावर उभं करा.

प्रश्न : एजंट म्हणतो पैसे तोच काही दिवस खात्यात टाकेल, फक्त फी द्यायची.

उत्तर : नको. पासपोर्टवर शिक्का तुमचा आणि खात्यावर नावही तुमचंच, चौकशी झाली तर एजंट फोन उचलणार नाही.

प्रश्न : इथूनच पैसे आपल्याच बँकेत दाखवून जाता येत नाही का? फ्लॅट आणि म्युच्युअल फंडही आहेत. आणि तो १० वर्षांचा व्हिसा?

उत्तर : फ्लॅट, फंड, शेअर्स विसरा, बँकेतली रोकड आणि उत्पन्न एवढंच मोजतात. स्वतःच्या देशातल्या थाई वकिलातीत ओ-ए नावाच्या व्हिसाचा अर्ज करता येतो आणि त्यात आपल्या देशातल्या बँकेतले पैसे दाखवता येतात, पण त्यासाठी पोलिसांचा दाखला, मेडिकल सर्टिफिकेट आणि मोठा आरोग्य विमा लागतो. हा विमा २०१९ मध्ये ४ लाख बाटचा होता, २०२१ मध्ये ३० लाखांचा केला. सत्तरीच्या आसपास, त्यातून शुगर-बीपी असेल, तर हा विमाच ८ लाखांपेक्षा मोठी डोकेदुखी होतो.

१० वर्षांचा ओ-एक्स ठरावीक १४ देशांच्या लोकांनाच आहे आणि त्या यादीत भारत नाही. १० वर्षांचाच दुसरा व्हिसा एलटीआर, तो २०२२ मध्ये सुरू झाला, त्यात वर्षाला ८०,००० डॉलर बसल्या जागी उत्पन्न हवं, किंवा निदान ४०,००० डॉलर आणि वर थायलंडमध्ये २,५०,००० डॉलरची गुंतवणूक. एवढे असतील तर मला काय विचारताय, चहाला बोलवा.

प्रश्न : पैसे भारतातून पाठवताना आणि तिकडे पोचल्यावर टॅक्स कुठे कुठे बसतो?

उत्तर : भारतातून एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न नाही. पण वर्षात १० लाख रुपयांच्या वर जितकं जाईल त्यावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते, रिटर्न भरताना तो वळता होतो पण तोवर पैसा अडकतो. खातं आधीच उघडलेलं असेल तर निम्मे मार्चमध्ये, निम्मे एप्रिलमध्ये असं करता येतं, फक्त २ महिने मोजायचे ते दुसरा हप्ता पोचल्यापासून हे विसरू नका.

थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले कर-रहिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासून बाहेर मिळवलेलं उत्पन्न तिथे आणलं तर ते हिशोबात धरतात. त्याआधीची जुनी बचत यात येत नाही, म्हणून ३१ डिसेंबर २०२३ चं बँक स्टेटमेंट छापून फाईलला लावून ठेवा, कधी लागेल सांगता येत नाही.

प्रश्न : ताई मी मोठा घोळ घातलाय. एक्स्टेन्शन मार्चमध्ये झालं, पैसे नियमाप्रमाणे ठेवले, एक दिवस चुकवला नाही. भाचीच्या लग्नाला घरी आलो आणि इथे आल्यावर मित्र म्हणतो री-एंट्री परमिट न घेता निघालास तर एक्स्टेन्शन गेलं. खरंय का? आता ते ८ लाख काढून घेऊ का?

उत्तर : मित्र बरोबर बोलला, देश सोडण्याआधी परत येण्याचं हे परमिट घेतलं नाही म्हणून एक्स्टेन्शन गेलं. एकदाच जायचं असेल तर १,००० बाट, कितीही वेळा जायचं असेल तर ३,८०० बाट एवढंच ते परमिट, आणि बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर तर निघायच्या दिवशीही मिळतं. असो, झालं ते झालं. आता नव्याने ९० दिवसांचा नॉन-ओ घ्यायचा आणि एक्स्टेन्शन पहिल्यापासून. पण पैसे अजिबात हलवू नका हो, ते खात्यात आधीच कित्येक महिने मुरलेत, त्यामुळे यावेळी घर, बँक, ट्रान्सफर ही धावाधाव नाही आणि पैसे मुरण्यासाठी २ महिने थांबायचंही नाही. नवीन पत्र, १०० बाटची एंट्री आणि सरळ खिडकीवर.