ग्रंथालयाने समाजमाध्यमांवर नेमके काय करावे?

आपण विचारले आहे की, ग्रंथालयाचे फेसबुक पान सुरू करून दोन वर्षे झाली, नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे त्यावर नेमाने टाकली जातात, तरीही वाचक फिरकत नाहीत. मग या माध्यमांतून सभासदांना खरी सेवा द्यायची कशी? मी ग्रंथपाल म्हणून बरीच वर्षे काम केले आहे आणि आपण ज्या जागी अडला आहात तेथेच आमचे ग्रंथालयही दीर्घकाळ अडले होते, म्हणून अनुभवाच्या आधारे लिहितो.

आमची चूक अशी होती की, आम्ही त्या पानाला सूचनाफलक समजत होतो. पुस्तक प्रकाशनाची छायाचित्रे, मान्यवरांचे सत्कार, जयंती-पुण्यतिथीची अभिवादने असे सगळे त्यावर जाई, आणि पसंतीचे अंगठे उमटत ते बहुधा आमच्याच कर्मचाऱ्यांचे. त्या काळात सर्वाधिक पाहिली गेलेली नोंद होती, 'छताच्या गळतीमुळे आज वाचनकक्ष बंद राहील', ही. तेव्हा थोडे ओशाळायला झाले, पण त्यातून कळले की वाचकाला ज्याचा उपयोग आहे ते तो बरोबर पाहतो.

बदल घडला तो एका प्रश्नामुळे. एका वाचकाने पानावर लिहिले की, लहानपणी दीपगृहात राहणाऱ्या मुलाची गोष्ट वाचली होती, नाव आठवत नाही, मुखपृष्ठ निळे होते एवढेच आठवते. आमच्या संदर्भ विभागातील सहकाऱ्याने, टेबलासमोर बसलेल्या वाचकाला विचारावेत तसे प्रतिप्रश्न तेथेच विचारले: साधारण कोणत्या वर्षी वाचले, पुस्तक अनुवादित होते का, आत चित्रे होती का, शेवट आठवतो का? हा संवाद उघड्यावर चालल्याने इतर वाचकही त्यात उतरले, कोणी दोन नावे सुचवली, कोणी त्यांतले एक खोडून काढले, आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक सापडले. ते आमच्याच बालविभागात, बऱ्याच वर्षांत कोणी हात न लावलेल्या कप्प्यात होते. त्यानंतर आठवड्यातील एक दिवस आम्ही अशा अर्धवट आठवणाऱ्या पुस्तकांसाठीच राखून ठेवला. माझ्या मते समाजमाध्यमांचा ग्रंथालयाला असलेला सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, की संदर्भसेवेचे टेबल वाचकाच्या हातातील फोनपर्यंत नेता येते.

मात्र टेबल मांडले की त्यामागे माणूस बसलेला हवा. प्रश्न विचारून वाचक चार दिवस वाट पाहत राहिला, तर पान नसलेले बरे. उत्तर देण्याची वेळ पानावर स्पष्ट लिहावी, त्या वेळेत कोणाची पाळी आहे हे सेवातक्त्यात ठरलेले असावे, आणि हे काम 'फावल्या वेळात करा' असे सांगून कोणाच्या गळ्यात मारू नये. आमच्याकडे दोघांच्या कामाच्या तासांत त्यासाठी वेगळा वेळ धरला, तेव्हाच सातत्य आले.

आता आपल्या मुखपृष्ठांबद्दल. ती टाकणे चुकीचे नाही, पण निव्वळ चित्र पाहून वाचकाने करायचे काय? भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते आणि चौथे वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. मी प्रत्येक नोंद या दोन कसोट्यांवर घासून पाहतो. मुखपृष्ठासोबत पुस्तक कोणासाठी आहे हे दोन वाक्यांत लिहिले, वर्गांक (विषयानुसार पुस्तकाला दिलेला क्रमांक) आणि कपाटाची जागा दिली, प्रत आत आहे की बाहेर गेली आहे ते सांगितले आणि ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेतील, म्हणजे ग्रंथसूचीतील, नेमक्या त्या नोंदीचा दुवा जोडला, तर वाचक तेथूनच पुस्तक राखून ठेवू शकतो. खरे तर ही आपली जुनीच प्रचलित जागरूकता सेवा, म्हणजे नव्याने आलेल्या साहित्याची वाचकांना वेळोवेळी माहिती देण्याची सेवा आहे, फक्त टंकलिखित यादीची जागा पडद्याने घेतली आहे. त्यातही वेळ साधावी लागते. चंद्रग्रहणाच्या आठवड्यात खगोलशास्त्रावरची तीन पुस्तके सुचवली तर ती त्याच दिवशी बाहेर जातात, आणि तीच यादी महिनाभराने दिली तर कोणी ढुंकून पाहत नाही.

मोठ्या ग्रंथालयांनी याहून पुढची कामे केली आहेत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१८ मध्ये इन्स्टाग्रामच्या स्टोरीमधून अभिजात साहित्य सचित्र स्वरूपात वाचायला दिले. पानावर अंगठा टेकवला की मजकूर थांबे आणि उचलला की पुढचे पान येई. कल्पना देखणी होती, पण तिच्यामागे चित्रकार आणि पैसा लागतो, म्हणून तिचे अनुकरण करण्याचा सल्ला मी देणार नाही. मला अधिक मोलाचे वाटते ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे उदाहरण. त्या ग्रंथालयाने जानेवारी २००८ मध्ये आपल्या संग्रहातील सुमारे ३००० जुनी छायाचित्रे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना त्यांखाली लिहिण्याची मुभा दिली. लोकांनी छायाचित्रांतील माणसे, इमारती, प्रसंग ओळखले, पुराव्यांसह चुका दाखवल्या, आणि ती माहिती तपासून ग्रंथालयाने आपल्या तालिकेतील शेकडो नोंदी सुधारल्या. आपल्याकडे जुनी छायाचित्रे, हस्तलिखिते किंवा नियतकालिकांचे अंक असतील, तर हे काम लहान प्रमाणावर सहज करता येते. मात्र स्वामित्वहक्क संपलेले किंवा परवानगी मिळालेले साहित्यच वापरावे आणि वाचकांनी दिलेली माहिती पडताळल्याशिवाय तालिकेत घेऊ नये. वाचक तालिकेत भर घालू शकतो, हे मान्य करणे आपल्या पेशाला थोडे जड जाते, असे माझे निरीक्षण आहे.

एका बाबतीत मात्र सावध करतो, कारण ती चूक आमच्याकडून झाली. व्हॉट्सॲपवर आम्ही सभासदांचा गट केला होता. एका सहकाऱ्याने मुदत उलटलेल्या पुस्तकाची आठवण त्या सभासदाच्या नावासह आणि पुस्तकाच्या नावासह गटातच टाकली. पुस्तक एका गंभीर आजारावर होते. त्या सभासदाने काही न बोलता गट सोडला, नंतर सभासदत्वही सोडले. वाचक काय वाचतो हे त्याच्या आणि ग्रंथालयाच्या पलीकडे जाऊ नये, हे आम्ही काउंटरवर कटाक्षाने पाळत होतो आणि फोनवर विसरलो. तेव्हापासून देवघेव, विलंब शुल्क, राखीव पुस्तके यांविषयी उघड गटात एक शब्दही लिहायचा नाही, पानावर कोणी विचारले तरी 'आपणांस खाजगी संदेश पाठवला आहे' एवढेच उत्तर द्यायचे, असा लेखी नियम आहे. गटात प्रत्येकाला इतरांचे दूरध्वनी क्रमांक दिसतात, हाही दोष आहेच. नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये आणलेले चॅनल अधिक योग्य, कारण त्यात अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. पण ते एकेरी आहे, त्यावर संवाद होत नाही. वाचनकक्षातील छायाचित्रेही, विशेषतः मुलांची, विचारल्याशिवाय टाकू नयेत.

कोणते माध्यम निवडावे, यावर फार काथ्याकूट करू नये. काउंटरवर येणाऱ्यांना महिनाभर विचारावे की आपण काय वापरता, आणि जेथे बहुतेक वाचक आहेत अशी एक किंवा दोन ठिकाणे धरावीत. पाच ठिकाणी खाती उघडून चार ओस पाडण्यापेक्षा ते बरे. शिवाय ही माध्यमे आपली नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गुगल प्लस २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले, आणि तेथे जमलेले संवाद लोकांच्या हातून गेले. आमच्या उत्तरांपैकी पुन्हा उपयोगी पडतील अशी उत्तरे आम्ही दर महिन्याला ग्रंथालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विषयवार नोंदवून ठेवतो. चित्ररूपात टाकलेली सूचना खाली मजकुरातही लिहितो, कारण दृष्टिहीन वाचकांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन चित्रातील अक्षरे नेहमीच वाचू शकत नाही.

व्यवस्थापन समिती आपणांस अनुयायी किती वाढले हे विचारेल. आम्हांलाही विचारत असे. त्यावर आम्ही एक साधी वही केली. पानावरून आलेला प्रश्न, त्याला लागलेला वेळ, आणि त्यातून एखादे पुस्तक बाहेर गेले का, असे तीन रकाने. समितीपुढे आता तीच वही ठेवतो. जे वाचक ही माध्यमे वापरत नाहीत त्यांच्यासाठी त्या आठवड्यातील प्रश्नोत्तरे छापून दारातील फलकावर लावतो, आणि गंमत अशी की, त्या कागदाखाली आता लोक पेन्सिलीने आपले प्रश्न लिहून ठेवू लागले आहेत.