टायरचे दोन संच की बारमाही एकच?

प्रश्न : मुलगी दोन वर्षांच्या करारावर जर्मनीत स्टुटगार्टला आहे. तिने घेतलेल्या जुन्या मोटारीचे उन्हाळी टायर वर्षभरात संपतील. बारमाही टायरचा संच बसवून ४८० युरोंना मिळतो. दुसरा पर्याय म्हणजे आता रिमसह हिवाळी संच ७२० युरोंना, पुढील वर्षी उन्हाळी संच ४२० युरोंना, शिवाय अदलाबदल आणि साठवणीचे वर्षाला ११० युरो. वापर वर्षाला सुमारे ७,००० किलोमीटर आहे. मुदत ठेव मोडून पैसे पाठवू का? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : चाकणहून स्टुटगार्टला जाणारे इंजिनिअर पुण्याला नवे नाहीत, हा प्रश्न मात्र आपल्याला नवा वाटतो. तापमान साधारण ७ अंशांखाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड कमी होते, आणि पुण्यात पारा तिथवर उतरला तरी तो एखाद्या पहाटेपुरताच.

दोन संच घेणाऱ्यांचा युक्तिवाद चुकीचा नाही. एक संच धावत असताना दुसरा विश्रांती घेतो, त्यामुळे दोन्ही मिळून जवळजवळ दुप्पट काळ टिकतात आणि खरा जादा खर्च रिम, अदलाबदल व साठवण एवढाच उरतो. परंतु हे गणित भरपूर धावणाऱ्या आणि दीर्घकाळ ठेवायच्या मोटारीचे आहे. आपल्या कन्येच्या वापरात दोन वर्षांत १४,००० किलोमीटर होतील; ते दोन संचांत विभागले तर करार संपताना दोन्ही संच बरेचसे शिल्लक असतील, आणि जुनी मोटार विकताना त्यांची किंमत क्वचितच पुरती वसूल होते. दोन वर्षांचा खर्च १,३६० युरो विरुद्ध ४८० युरो असा आहे. विक्रीत शे-दोनशे युरो जास्त आले, तरी ही तफावत भरून निघत नाही.

अर्थात सुरक्षिततेचा हिशेब केवळ युरोंत मांडता येत नाही. बारमाही टायर ही तडजोड आहे : बर्फावर तो चांगल्या हिवाळी टायरच्या, आणि कडक उन्हाळ्यात उन्हाळी टायरच्या मागे पडतो. कन्या मुख्यतः शहरात गाडी चालवत असेल आणि बर्फ पडलेल्या दिवशी लोकल गाडीने कामावर जाऊ शकत असेल, तर ही तडजोड मला मान्य आहे. ती दर शनिवारी-रविवारी ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात किंवा ऑस्ट्रियात स्कीइंगला जाणार असेल, तर माझे मत बदलेल. तेथे ८८० युरो वाचवण्याचा आग्रह मी धरणार नाही.

कायद्याची अडचण नाही, मात्र खरेदी डोळसपणे व्हावी. जर्मनीत ठरावीक तारखेपासून हिवाळी टायर बसवण्याची सक्ती नसली, तरी रस्त्यावर बर्फ असताना योग्य टायर नसल्यास किमान ६० युरो दंड होतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह असलेलेच टायर त्यासाठी ग्राह्य धरले जातात. बारमाही टायरवर हे चिन्ह आहे का, ते कन्येने पाहावे. नुसता ‘एम अधिक एस’ (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) हा शिक्का आता पुरत नाही. टायरच्या कडेवरील चार अंकांतून निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कळते. स्वस्तात मिळणारा जुना साठा घेऊ नये.

करार वाढला आणि वापरही वाढला, तर हे टायर झिजल्यावर दोन संचांचा विचार नव्याने करता येईल.

मुदत ठेव मात्र मोडू नये. मुदतपूर्व मोडल्यास बँक सहसा व्याजात कपात करते, परदेशी पैसे पाठवण्याचे शुल्क आणि विनिमय दरातील फरक वेगळाच, आणि ४८० युरो ही रक्कम तेथील पगारातून एक-दोन महिन्यांत सहज बाजूला काढता येण्याजोगी आहे.